तयार पॉवर स्टेशन घेऊ का घरी बनवू? तुम्ही विचारलंत म्हणून

ऐरोलीला आमच्या बाल्कनीच्या ग्रिलला बांधलेलं पॅनल खालून दिसतं, त्यामुळे लिफ्टमध्ये, भाजी घेताना, ऑफिसच्या बसमध्ये कुणी ना कुणी विचारतंच की ताई, ते तयार पोर्टेबल सोलर पॉवर स्टेशन मिळतं, म्हणजे बॅटरी, इन्व्हर्टर सगळं एकाच पेटीत, ते घेऊ का तुमच्यासारखं घरी बनवू, कारण घरी बनवलं की अर्ध्या पैशात होतं म्हणे. दर वेळी घाईत अर्धवट उत्तर देऊन निघते, म्हणून आज नीट लिहिते.

सुरुवात झाली 12 ऑक्टोबर 2020 ला. सोमवार होता, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची लाइट एकदम गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, आणि मी वर्क फ्रॉम होममध्ये मीटिंगच्या मधेच गायब. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, त्यामुळे पुढच्याच वर्षी लॅमिंग्टन रोडला चकरा मारून स्वतःची पेटी बनवली. 3.2 व्होल्टचे चार एलएफपी सेल, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट या प्रकारच्या लिथियम बॅटरीचे, सिरीजमध्ये (एकामागे एक) जोडले की 12.8 व्होल्ट, 100 अँपियर-अवरचे घेतले म्हणून 1280 वॅट-अवर, त्यावर बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं, गडबड झाली की बॅटरी तोडणारं सर्किट), एमपीपीटी चार्ज कंट्रोलर (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा), 800 वॅटचा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर (बॅटरीच्या डीसीचा घरातल्यासारखा एसी करंट करणारा). खर्च खरंच तयार पेटीच्या निम्म्याच्या आसपास आला, पण त्यात हायड्रॉलिक क्रिम्पर (जाड वायरीच्या टोकाला लग, म्हणजे धातूची जोडकडी, दाबून बसवायचं यंत्र), करंट मोजायचा क्लॅम्प मीटर आणि माझे सात-आठ रविवार धरलेले नाहीत, ते धरा.

बनवायला मजा येते हे मी अगदी मनापासून सांगते. सेल जोडायच्या आधी सगळे एकाच व्होल्टेजला आणायचे, दोन सेलच्या मध्ये फायबरग्लासची शीट घालायची, प्रत्येक नट टॉर्क बघून आवळायचा, यात बॅटरी म्हणजे काय ते हाताला कळतं. आणि उद्या इन्व्हर्टर गेला तर फक्त इन्व्हर्टर बदलायचा, तयार पेटीत एक बोर्ड उडलं की अख्खी पेटी सर्व्हिस सेंटरला, आणि एवढा मोठा लिथियम पॅक कुरिअरवाले सहजी घेत पण नाहीत.

एक चूक मात्र मी बऱ्याच जणांच्या पेटीत बघितलीय. घरातल्या बोर्डातला साधा एसीचा एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा ब्रेकर स्विच, बॅटरीच्या बाजूला लावतात. आपल्या घरातला एसी करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो म्हणून स्विच उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते, बॅटरीच्या डीसीमध्ये करंट एकाच दिशेने वाहतो, शून्य येतच नाही, ठिणगी तशीच ताणून जळत राहू शकते. त्यामुळे डीसी रेटिंगचाच ब्रेकर घ्या आणि फ्यूज बॅटरीच्या प्लसला अगदी चिकटून लावा. इथे पैसे वाचवू नका, प्लीज.

आता मुख्य गोष्ट. 2022 मध्ये अशीच दुसरी पेटी मी आईबाबांना ठाण्याला नौपाड्यात दिली. बाबांना झोपेत श्वास अडकायचा त्रास आहे, रात्री सीपॅप मशीन लागतं, ते मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वास चालू ठेवतं. एकदा मी पुण्याला असताना दुपारी आईचा फोन आला, अगं, त्या तुझ्या पेटीतून जळका वास येतोय. मेंटेनन्सचा शटडाउन होता आणि तिने ओल्या नारळाच्या चटणीसाठी मिक्सर लावलेला, 500 वॅटचा. 12 व्होल्टवर 500 वॅट म्हणजे इन्व्हर्टरचे लॉस धरून जवळजवळ 45 अँपियर. मी क्रिम्परने दाबलेली एक लग थोडी सैल राहिली होती. सैल जोडाचा रेझिस्टन्स समजा फक्त 10 मिलीओहम असेल तरी 45 अँपियरला तिथे 20 वॅट उष्णता होते, म्हणजे एक छोटी सोल्डरिंग आयर्न वायरीच्या टोकाला चिकटवून ठेवल्यासारखं. करंट ठरलेल्या मर्यादेतच होता, त्यामुळे फ्यूज उडला नाही, बीएमएसने पण काही केलं नाही, त्यांचं ते कामच नाही. मी फोनवर सांगतेय लाल स्विच खाली कर, आई विचारतेय कुठला लाल, दोन आहेत. ती दोन मिनिटं मी विसरलेले नाही.

काही झालं नाही, इन्सुलेशन वितळून थांबलं. पण त्याच आठवड्यात मी त्यांच्यासाठी तयार पॉवर स्टेशन घेतलं, आणि तेव्हापासून कुणी विचारलं की मी आधी एवढंच विचारते, लाइट जाईल तेव्हा पेटीजवळ कोण असणार? तुम्ही स्वतः असाल, मल्टीमीटर हातात धरता येत असेल आणि दर दोन-तीन महिन्यांनी जोड तपासायचा कंटाळा नसेल तर बनवा, मी स्वतः येऊन मदत करीन. पण आई, सासरे, घरकामाच्या ताई, शाळेतून आलेला मुलगा यांच्यापैकी कुणी असणार असेल तर तयार घ्या, पैसे जास्त गेले तरी.

तयार घेताना सेल एलएफपीचेच आहेत ना ते बघा, साध्या लिथियम-आयनपेक्षा ते बरीच जास्त वर्षं टिकतात. सोलर इनपुटची व्होल्टेज मर्यादा बघा, 12 व्होल्टची म्हणून विकतात ती दोन पॅनल सिरीजला लावली तर उघड्या सर्किटला 44 व्होल्टच्या आसपास जातात. आणि लोड कमी असला की आउटपुट आपोआप बंद करणारा इको मोड असतो, तो बाबांच्या पेटीत मी पहिल्याच दिवशी बंद केला, नाहीतर मध्यरात्री सीपॅप थांबलं असतं. ह्युमिडिफायर बंद ठेवून त्यांचं मशीन 40 वॅट घेतं, पेटीचे स्वतःचे 10 धरले तर आठ तासांत 400 वॅट-अवर, म्हणजे एका चार्जमध्ये दोन रात्री आरामात. शिवाय यूपीएस मोड आहे, म्हणजे लाइट गेल्याक्षणी पेटी स्वतःच बॅटरीवर जाते, त्यामुळे लाइट गेली तरी मशीनला कळत नाही, बाबांना उठावं लागत नाही.

सोलरबद्दल मात्र फार आशा ठेवू नका. बाल्कनीत ग्रिलची सावली पडते, ऊन अर्धा दिवस, माझं 100 वॅटचं पॅनल चांगल्या दिवशी दीड-दोनशे वॅट-अवर देतं, मग 1280 ची पेटी भरायला आठवडा जातो, पावसाळ्यात तर विचारूच नका. मी पण बहुतेक वेळा भिंतीच्या प्लगवरच चार्ज करते. आणि सोसायटीच्या गच्चीवर सबसिडीवालं रूफटॉप सोलर बसलं की याची गरज नाही असं वाटत असेल तर ते साधं ग्रिडला जोडलेलं असतं, लाइट गेली की लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ते पण बंद होतं.

ती जळकी लग मी ठेवलीय, टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये. बनवायचंच ठरवलंत तर आधी घरी या, ती हातात घेऊन बघा आणि माझ्या क्रिम्परवर तुमची पहिली लग माझ्यासमोर दाबा.