क्रेपचा झेंडू, मुलांच्या हातचा

आधी क्रेप कागदाच्या सुरकुत्या बघा. पट्टी ५ सेंमी रुंद, ६० सेंमी लांब. सुरकुत्या पट्टीच्या रुंदीत उभ्या हव्यात. आडव्या आल्या तर पाकळी फुलत नाही, नुसती लोंबते. पट्टीच्या चारच घड्या घाला. जास्त घातल्या तर मुलांची बोथट कात्री कागद चावते. वरून साडेतीन सेंमी खोल, दर अर्ध्या सेंमीवर काप द्या. खालची कड सलग राहू द्या.

आता घड्या उलगडून पट्टी काडीभोवती गुंडाळा. खालची कड सरकली की फूल शंकूसारखं वर निघतं, म्हणून दर दोन वेढ्यांनी बूड टेबलावर ठोका. फेव्हिकॉल शेवटच्या टोकाला ठिपक्याएवढाच. ओल्या क्रेपचा रंग बोटांना लागतो, मग फ्रॉकला. बूड दोऱ्यानेच करकचून बांधा. पाकळ्या बाहेरून आत, एकेक उलगडा.