मुदत 6 महिने

"पोरगा बिनलग्नाचा हाय, ह्याची हमी कोण घेणार?" विवाह नोंदणी कार्यालयातल्या कारकुनानं विचारलं. मी माझ्या होणाऱ्या नवऱ्याचा, जर्मनीहून आलेला कागद पुढं केला. त्यात लिहिलं होतं: लग्नाला आडकाठी नाही. मुदत 6 महिने.

जिंतूरहून सोबत आलेले अण्णा तो कागद चष्म्याजवळ धरून बराच वेळ बघत राहिले. एक अक्षर कळत नव्हतं. मग हळूच म्हणाले, "आपल्यात सोयरीक करताना चार गावं विचारून येतो. ह्या लेकराबद्दल विचारावं असं इथं कुणीच नाही का गं?"

तिथंच डोळे भरून आले.

1954 च्या विशेष विवाह कायद्यानुसार आता 30 दिवस आमची नोटीस फलकावर राहील. हरकत कुणीही घेऊ शकतं, अनोळखी माणूससुद्धा.

पण "पोरगा चांगला आहे" हे सांगायला अर्जात कुठला रकाना असतो?