पोर्टफोलिओचा क्रम मी लावला, फॉर्मने उधळला

चित्रांच्या पोर्टफोलिओत, म्हणजे निवडक कामांच्या संचात, कोणती कामं पाठवायची हे फार रखडलं नाही. मागितली होती 15, तेवढी बरी कामं जमली. डोकं खाल्लं ते क्रमाने, आणि त्याहून जास्त ज्या ऑनलाइन फॉर्ममधून ती भरायची होती त्या फॉर्मने.

तारखेप्रमाणे लावा, असं बरेच जण सांगतात. मला पटत नाही. सगळ्यात कच्चं काम पुढे येतं आणि बघणारा तिथेच मत बनवून मोकळा होतो. मी सगळ्यांचे छोटे प्रिंट काढून जमिनीवर पसरले आणि फक्त शेजार बघत बसले. गडद चारकोलला लागून फिका जलरंग ठेवला की तो धुऊन काढल्यासारखा दिसतो. मध्ये एखादं रेषांचं स्केच घातलं की दोन्ही तग धरतात. सगळ्यात दमदार काम पहिलं, त्याच्या खालोखालचं शेवटचं. हातांच्या अभ्यासाची पाच चित्रं 8 ते 12, सलग, कारण त्यांत एकातून दुसरं निघत जातं.

फाइलींना 1 ते 15 नावं दिली आणि चढवल्या. फॉर्मने त्या आकड्यांप्रमाणे न लावता अक्षरांप्रमाणे लावल्या: 1, मग 10, 11 असं करत 15, आणि त्यानंतर 2! शेवटी राखून ठेवलेलं काम सातवं. हातांच्या मालिकेचा उत्तरार्ध पहिल्या चित्राला चिकटलेला, आणि पूर्वार्ध थेट तळाशी. ओढून क्रम बदलायची सोय होती म्हणे. ओढलं, सेव्ह केलं, पान पुन्हा उघडलं, की जैसे थे. मदत कक्षाला लिहिलं तर उत्तर आलं, ‘कामांचा क्रम विचारपूर्वक लावावा.’ अहो, तेच तर करतेय!

उपाय साधा आहे, पण सूचनांमध्ये कुठेही नव्हता. नावं 01, 02, 03 अशी द्या, म्हणजे अक्षरांचा क्रम आणि आकड्यांचा क्रम एकच होतो. पण आधी चढवलेल्या फाइलीचं नाव तिथे बदलता येत नव्हतं. सगळं काढून पुन्हा चढवा, आणि फाइलीबरोबर शीर्षक, माध्यम, आकार, वर्ष हेही उडतं, ते पुन्हा टाइप करा. म्हणून ही माहिती आधी एका वेगळ्या फाइलीत लिहून ठेवा, नुसती चिकटवता येते.

हो, जमिनीवरचं एक राहिलंच. पसाऱ्याचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. रंगांची भूल उतरते आणि सगळी गडद कामं एकाच जागी साचली असतील तर लगेच कळतं. एखाद्या कामाचा जवळून घेतलेला फोटो द्यायचा असेल तर तो पूर्ण कामाच्या नंतरच, आधी नाही.

पीडीएफ मागितली असेल तर वेगळी गंमत. दोन पानं समोरासमोर दाखवताना मुखपृष्ठ एकटं राहतं आणि जोड्या 2-3, 4-5 अशा लागतात. पण बघणाऱ्याच्या स्क्रीनवर मुखपृष्ठ एकटं ठेवायची सेटिंग बंद असली तर 1-2, 3-4. त्यामुळे जी दोन चित्रं एकत्रच दिसायला हवीत, ती मी सरळ एकाच आडव्या पानावर घेतली.

सबमिट करण्याआधी प्रीव्ह्यू उघडा आणि वरून खाली मोजत जा. माझ्या फॉर्ममध्ये सबमिटनंतर काहीच हलवता येत नव्हतं. तोवर मात्र 15 वं काम पंधराव्या जागी आलं होतं.