"काका, अॅलर्जीवाला चष्मा आहे का?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नागपुरात बर्डीत चष्म्याच्या दुकानात बसतो मी, आणि कूलर लागायला लागले की हा प्रश्न सुरू होतो तो पार दिवाळीपर्यंत, काउंटरवर, फोनवर, लग्नात जेवणाच्या लाइनीत सुद्धा. "काका, डोळे लय खाजून राहिले, अॅलर्जीवाला चष्मा दाखवा ना." तर तसा चष्मा नसतो. अॅलर्जी बरी करणारी काच कोणाकडेच नाही, जो विकतो म्हणतो त्याच्याकडेही नाही. धूळ आणि परागकण डोळ्यात कमी जातील असा चष्मा मात्र मिळतो, आणि तो काचेच्या कोटिंगवरून नाही तर फ्रेमच्या आकारावरून निवडायचा असतो.

आधी हे बघा की अॅलर्जीच आहे ना. दोन्ही डोळे खाजतात, पाणी येतं, सोबत शिंका, आणि घरात बाकी कोणाला काही नाही, तर बहुतेक अॅलर्जी. एका डोळ्यापासून सुरू झालं, सकाळी पापण्या चिकटल्या आणि दोन दिवसात भावालाही तेच, तर डोळे आलेत, तो संसर्ग आहे, तिथे चष्म्याचं काही काम नाही. दुखत असेल, उजेड सहनच होत नसेल किंवा अंधुक दिसत असेल तर माझ्याकडे येऊच नका, सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

नागपुरात कारणं काही कमी नाहीत. मार्चमध्ये मागच्या वर्षीची धूळ खाल्लेली खस तशीच ठेवून कूलर सुरू करायचा आणि त्याच्या थेट झोतात झोपायचं, मग सकाळी डोळे लाल होणार नाहीत तर काय. खस बदला, टाकी घासा, कूलरची हवा तोंडावर घेऊ नका. पावसाळा सरता सरता बेसा-मनीषनगरकडच्या ले-आऊटमध्ये रिकामे प्लॉट बघा, गाजर गवत कमरेएवढं आणि वर पांढरी फुलं. १९५० च्या दशकात पुण्याकडे पहिल्यांदा दिसलेलं हे गवत आता कुठे नाही ते सांगा, आणि त्याच्या परागकणांनी नाक-डोळे दोन्ही जातात. रस्त्याच्या कामाची धूळ आहेच वरून.

आता चोळण्याबद्दल, कारण ते मला काउंटरवर दिसतं आणि घरच्यांना दिसत नाही. आठ-दहा वर्षांचं पोरगं, बहुतेक मुलगाच असतो, उन्हाळ्यात डोळे सतत लाल, उजेडाकडे बघवत नाही, डोळ्यातून चिकट तार निघते, आणि आई म्हणते सवय आहे हो त्याला. ती सवय नाही. चोळलं की डोळ्यातल्या पेशींमधून आणखी हिस्टामिन, म्हणजे खाज आणणारं रसायन, सुटतं आणि खाज आणखी वाढते, म्हणून ते थांबतच नाही. आणि असं वर्षानुवर्षं चोळणाऱ्यांमध्ये बुबुळावरचा पारदर्शक पडदा (कॉर्निया) पातळ होऊन पुढे येण्याचा, म्हणजे केराटोकोनसचा धोका जास्त असतो. दर सहा महिन्यांनी सिलिंडर नंबर, म्हणजे तिरपा नंबर, वाढून राहिला आणि नवीन चष्म्यातही नीट दिसत नाही असं झालं की मी चष्मा बनवतच नाही, आधी कॉर्नियाची टोपोग्राफी, म्हणजे त्या पडद्याच्या आकाराची तपासणी, करून या म्हणतो. काही लोकांना राग येतो, दुकानदार असून पाठवून देतो म्हणून. येऊ द्या.

खाज आली तर माठाच्या पाण्यात स्वच्छ सुती रुमाल बुडवून पिळायचा आणि बंद डोळ्यांवर पाच-दहा मिनिटं ठेवायचा. गरम शेक नाही, गार. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले आर्टिफिशियल टिअर्सचे थेंब घातले तर डोळ्यात आलेले परागकण धुऊन निघतात, ते फ्रीजमध्ये ठेवले तर आणखी बरं वाटतं. ओलोपॅटाडिन किंवा केटोटिफेनचे थेंब अॅलर्जीचेच असतात, पण कोणते आणि किती दिवस हे डॉक्टरला ठरवू द्या. मेडिकलवाल्याला "लाली जाईल असं काहीतरी द्या" म्हणू नका, कारण त्यात स्टिरॉइड निघालं तर दोन दिवसात डोळे पांढरेशुभ्र होतात, तुम्ही खूश, आणि तीच बाटली महिनोन्‌महिने चालू राहिली तर डोळ्याचं प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. गुलाबजल, मध, सुरमा हेही डोळ्यात नको. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर खाजेच्या दिवसात काढूनच ठेवा.

आता फ्रेम. बारीक रिमलेस दिसायला छान, पण चारी बाजूंनी उघडी, धुळीसाठी तिचा उपयोग शून्य. वाकलेली, कानशिलापर्यंत येणारी रॅपअराउंड घ्या किंवा रुंद दांडीची मोठी शेल, म्हणजे प्लास्टिकची, फ्रेम. आमच्याकडे काउंटरवर टेबल फॅन आहे, फ्रेम घालून त्याच्यासमोर उभं राहायचं, आधी सरळ, मग मान थोडी तिरपी करून. पापण्यांच्या केसांना वारा लागला तर धूळही तिथूनच येणार, दुसरी फ्रेम काढा. आणि डोळे मिचकावताना केस काचेला घासत असतील तर तीही नको. मायनस नंबर जास्त असेल तर फार वाकलेल्या फ्रेममध्ये कडेचं वाकडंतिकडं दिसतं, अशांनी साध्या फ्रेमला बाजूचे शील्ड लावून घ्यावेत. ज्यांना नंबरच नाही त्यांनी माझ्याकडे पैसे घालवायची गरज नाही, हार्डवेअरच्या दुकानात पांढऱ्या काचेचा सेफ्टी गॉगल मिळतो, स्वस्तात काम होतं आणि संध्याकाळी गाडी चालवतानाही दिसतं.

गडद काच म्हणजे संरक्षण नाही. फुटपाथवरच्या काळ्या गॉगलमध्ये यूव्ही, म्हणजे उन्हातली अतिनील किरणं, अडवणारा फिल्टर नसेल तर अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि ती किरणं आत जास्त जाऊ शकतात. यूव्ही ४०० बघून घ्या, दुकानदाराला तपासून दाखवायला सांगा. पोलराइज्ड काचेने रस्त्यावरची चमक कमी होते, परागकणांना तिचं काही नाही. फोटोक्रोमिक, म्हणजे उन्हात आपोआप काळी होणारी काच, घेणाऱ्यांना एक सांगून ठेवतो, ती काच गरमीत कमी काळी होते, त्यामुळे डिसेंबरच्या उन्हात जेवढी गडद दिसली तेवढी मे महिन्याच्या ४५ डिग्रीत होणार नाही, मग भांडायला येऊ नका. आणि ब्ल्यू कट, म्हणजे निळा प्रकाश अडवणारी काच? निळा टॉर्च मारून आम्हीच दाखवतो, मजा येते बघायला, पण खाजेशी त्याचा काडीचा संबंध नाही.

नाकावर किंवा कानामागे जिथे फ्रेम टेकते तिथेच खाज आणि पुरळ असेल तर परागकण नाही, मेटल फ्रेममधलं निकेल असू शकतं. टायटॅनियम किंवा शेल घ्या. चष्मा ओढणीने पुसू नका, ओढणीवरच दिवसभराची धूळ असते. नळाखाली धरा, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, नोजपॅडच्या फटीसकट.

स्कार्फ बांधणाऱ्या मुलींची तक्रार असते की काचेवर वाफ येते. स्कार्फ नाकावर घट्ट बसवून चष्मा त्याच्यावरून घाला, श्वास वर जात नाही. स्कार्फ रोज धुवा मात्र. बाकी गाडीवाल्यांसाठी सगळ्यात भारी म्हणजे हेल्मेटची पुढची काच, जी अर्धं नागपूर वर उचलून फिरतं. ती खाली घेतली आणि आत चष्मा असला तर वर्धा रोडची धूळ बऱ्यापैकी बाहेरच राहते. पण जाड दांडीची फ्रेम हेल्मेटमध्ये कानशिलाला रुतते, मग अर्ध्या तासात डोकं दुखतं आणि तुम्ही चष्मा डिकीत टाकता. म्हणून फ्रेम बघायला याल तेव्हा हेल्मेट पार्किंगमध्ये लटकवून येऊ नका, वर दुकानात घेऊन या, घालूनच बघू.