डेडव्लेमध्ये न दिलेलं पाणी

त्या सकाळी काकांना नेमकं काय झालं होतं, हे मला अजूनही छातीठोकपणे सांगता येत नाही. विंडहोकच्या हॉस्पिटलने कागदावर 'उन्हाचा त्रास' असं लिहिलं. त्याच कागदावर खाली सोडियमचा आकडा आहे, आणि तो आकडा काही वेगळंच सुचवतो.

नामिबियातली ही सात दिवसांची कॅम्पिंग सफारी. विंडहोकहून आधी उत्तरेला एतोशा, तिथून स्पिट्झकोप्पे, मग किनाऱ्यावरचं स्वाकोपमुंड आणि शेवटी दोन रात्री सेस्रियमला, म्हणजे नामिबच्या वाळूत. सात पाहुणे (काका आणि काकू त्यांतलेच), एक नामिबियन ड्रायव्हर-गाइड, एक कूक आणि टूर लीडर म्हणून मी.

लोकांना वाटतं आमचं मुख्य काम प्राणी दाखवण्याचं. एतोशात ऑक्टोबरमध्ये ते काम पाणवठेच करतात. पाऊस आलेला नसतो, तळी आटलेली असतात, त्यामुळे उरलेल्या पाण्यावर सगळे आपोआप येतात. आपण गाडीचं इंजिन बंद करून थांबायचं, एवढंच. खरं काम असतं ते लोकांच्या झोपेचं, पोटाचं आणि सामानाचं. कॅम्पमध्ये कोल्हे फिरतात, म्हणून बूट तंबूच्या आत ठेवायचे. एतोशाच्या दक्षिणेच्या गेटवर पशुवैद्यकीय तपासणी असते आणि कच्चं मांस बाहेर नेऊ देत नाहीत, म्हणून कूक आदल्या रात्री आइसबॉक्समधलं सगळं मांस संपवतो. ओकाउकुएजोचा पाणवठा रात्रभर दिव्यांच्या उजेडात असतो, तिथे काळे गेंडे येतात, आणि लोक दोन-दोन वाजेपर्यंत कठड्यामागे बसून राहतात. पहाटे गेट उघडताना बाहेर पडायचं असतंच. वाळवंटात पोचेपर्यंत प्रत्येकाच्या डोक्यावर झोपेची चांगलीच उधारी चढलेली असते.

त्यात या मार्गाची एक खोड आहे, जी माहितीपत्रकात कुणी लिहीत नाही. स्वाकोपमुंडला बेंग्वेला या थंड सागरी प्रवाहामुळे सकाळी धुकं आणि गारठा असतो, सगळे जॅकेट घालून फिरतात. दुसऱ्या दिवशी वाल्विस बेवरून सी-१४ रस्त्याला लागलं, कुइसेब आणि गाउब हे दोन घाट उतरले, मकरवृत्ताच्या पाटीपाशी फोटो काढले, सॉलिटेअरला डिझेल भरलं, की दुपारी सेस्रियमला पारा अडतिसावर. एका दिवसात वीस अंशांचा फरक. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर घामातून मीठही जास्त जातं, कारण ते राखून ठेवायला घामाच्या ग्रंथी अजून शिकलेल्या नसतात. आम्ही पाहुण्यांना एक रात्र देतो.

सेस्रियमच्या आतल्या कॅम्पवर राहण्याचा फायदा असा की आतलं गेट सूर्योदयाच्या तासभर आधी उघडतं. तिथून साठ किलोमीटर डांबरी रस्ता, मग वाळूतले पाच किलोमीटर, जे फोर-बाय-फोरशिवाय होत नाहीत. वाळूत शिरण्यापूर्वी आमच्या ड्रायव्हरने चारही टायरमधला हवेचा दाब कमी करून १.१ बारवर आणला. डेडव्लेचं वर्णन करत नाही, ती पांढरी जमीन आणि ती वाळलेली झाडं सगळ्यांनी फोटोत पाहिलेली आहेत. आमच्यातले चौघे आधी बिग डॅडी चढले, सव्वातीनशे मीटर उंचीचा वाळूचा डोंगर. काका त्यात होते. वय चौसष्ट, रोज चालायची सवय, चौघांत त्यांचाच दम टिकला.

साडेदहाला ते खाली उतरून गाडीपाशी आले आणि बाभळीच्या सावलीत बसले. डोकं दुखतंय म्हणाले. मग उलटी झाली, ती नुसत्या पाण्याची. काकूंनी विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी बऱ्याच वेळाने उत्तर दिलं, आणि ते उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं होतं.

काकूंचे भाऊ लगेच बाटली घेऊन पुढे आले. ड्रायव्हरचंही तेच मत. तोवर कूकने आइसबॉक्समधलं गार पाणी काढलं होतं. अशा वेळी सगळं जग पाण्याच्या बाजूने उभं असतं.

मी आधी काखेत थर्मामीटर लावला. ३७.६. वाळवंटात काखेतला आकडा फार विश्वासाचा नसतो, पण अंग हातालाही तापलेलं लागत नव्हतं. हे आधी बघायचं, कारण अंग भाजत असेल आणि माणूस बरळत असेल तर तो उष्माघात. मग बाकी चौकशी बाजूला ठेवून आधी त्याला भिजवायचं आणि वारा घालायचा. ग्लुकोमीटरवर साखर ११०. तोंड ओलं, जीभ ओली, कपाळावर घाम. तहान लागली का विचारलं तर मान हलवून नाही म्हणाले. हाताची बोटं सुजल्यासारखी, अंगठी रुतलेली, घड्याळाच्या पट्ट्याचा खोल वळ.

मग काकूंना विचारलं, सकाळपासून पाणी किती झालं? त्यांनी अभिमानाने सांगितलं, कारण सगळ्यात शिस्तीत पाणी पिणारे तेच होते. पाठीवरची तीन लिटरची पिशवी संपली होती, डोंगर चढण्याआधी एक लिटर, उतरल्यावर पुन्हा एक. पहाटे पाचपासून साडेदहापर्यंत पाच लिटर.

"आणि खाल्लं काय?"

"केळं आणि सफरचंद. ते खारे दाणे नको म्हणाले, चिप्सपण नको. ते ओआरएसपण नाही घेतलं. त्यांना मीठ चालत नाही ना, बीपी आहे."

"गोळी कुठली?"

काकूंनी कमरेच्या पाकिटातून स्ट्रिप काढली. टेल्मिसार्टन, आणि त्याच्या जोडीला हायड्रोक्लोरोथायझाइड. हा दुसरा भाग लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढतो. वयस्कर माणसांत रक्तातलं सोडियम खाली आणणाऱ्या औषधांत तो फार वर धरला जातो. आमच्या फॉर्मवर लिहिलं होतं: 'बीपी, गोळी चालू.' फॉर्मला तेवढंच पुरतं.

इथे मला दोन चित्रं दिसत होती. एक, साधा उन्हाचा थकवा: सावली, थंडावा, पाणी आणि मीठ. दुसरं, घामातून मीठ गेलंय, गोळीने आणखी गेलंय, आणि वरून पाच लिटर साधं पाणी पडलंय, म्हणजे रक्तातलं सोडियम पातळ झालंय. मळमळ, डोकेदुखी आणि गोंधळ दोन्हींत असतात. दुसऱ्यात मेंदूला सूज येऊ लागते, आणि तिथे आणखी पाणी देणं म्हणजे सरळ नुकसान. लघवीच्या रंगावरून ठरवा, असं पुस्तकात वाचून लोक सांगतात. पण या प्रकारात शरीर पाणी धरून ठेवतं, लघवी कमीच होते, त्यामुळे ती खूणही फसवते. खात्री फक्त रक्ततपासणीची, आणि ती साडेतीनशे किलोमीटरवर.

मी पाणी थांबवलं.

मेहुणे भडकले. त्यांच्या जागी कुणीही भडकलं असतं, हे मान्य करूनही सांगते, सल्ला देणाऱ्या नातेवाइकाइतकी अवघड गोष्ट या धंद्यात दुसरी नाही. "अहो मॅडम, वाळवंटात माणूस उन्हाने पडलाय आणि तुम्ही पाणी देऊ नका म्हणता?" बाकीच्यांच्या चेहऱ्यावरही तेच होतं.

कूकच्या पेटीत स्टॉक क्यूब असतात, पोइकीच्या, म्हणजे लोखंडी भांड्यात शिजणाऱ्या तिथल्या रश्श्यासाठी. त्यातले चार अर्ध्या कपात, साधारण १२५ मिलिलिटर गरम पाण्यात, विरघळवले. हा डोस वनवैद्यकाच्या, म्हणजे हॉस्पिटलपासून दूर रानात करायच्या उपचारांच्या, पुस्तकांतला आहे, चव मात्र भयानक. अट एकच: माणूस शुद्धीवर हवा आणि नीट गिळता आलं पाहिजे. काका गिळत होते. पहिला घोट उलटून पडला. मग चमच्याने, दोन-दोन मिनिटांनी. मानेवर आणि काखेत ओले टॉवेल, कारण उन्हाच्या बाजूनेही आपण मोकळं सोडलेलं नको. झोपवलं नाही, टेकून बसवलं.

अर्धा कप जायला वीस मिनिटं लागली. मग निघालो.

वाळूतल्या त्या पाच किलोमीटरवर एक भाड्याची डबल-कॅब पिकअप वाटेतच रुतलेली. आत दोघं, एक्सलपर्यंत वाळूत, आणि चाकं अजून फिरवतायत. टायर डांबरावर असावेत तसे टणक. हे रोजचं आहे. हवा काढायला पाच मिनिटं लागतात, ती कुणाला द्यायची नसतात, मग दोन तास फावडं मारतात. १.० बारवर आणा, चाकांपुढची वाळू उपसा, लो-रेंज (फोर-बाय-फोरचा हळू, जोरकस गिअर) टाका आणि आलात त्याच चाकोरीतून मागे या, बहुतेक गाड्या दोराविना निघतात. आमचा ड्रायव्हर एरवी उतरून हे सगळं करून देतो. त्या दिवशी त्याने खिडकीतून ओरडून एवढंच सांगितलं आणि बाजूच्या वाटेने गाडी काढली. त्याला ते लागलं होतं, हे त्याच्या मानेवरून कळत होतं.

वाळू संपली, डांबर सुरू झालं, आणि तो पुन्हा थांबला. बॉनेट उघडलं, कंप्रेसरचे चिमटे बॅटरीला लावले आणि हवा भरायला बसला. आता मात्र मेहुण्यांचा तोल गेला. सरळ जा की, साठ किलोमीटर तर आहे!

हाच तो हिशोब. १.१ बारवर टायरची बाजू प्रत्येक फेरीला दुमडते आणि उलगडते, आणि ती सगळी ऊर्जा उष्णता होऊन रबरात जाते. गाडीत दहा माणसं, खाली तापलेलं डांबर. तिथली मर्यादा ताशी साठची. त्या वेगाने टायर साठ किलोमीटर टिकेलही. पण फुटला, किंवा वळणावर रिमवरून निसटला, तर आजारी माणसाला घेऊन उघड्या उन्हात चाक बदलत बसायचं. आणि गाडी उलटली तर आजारी एक राहणार नाही. तीसच्या वेगाने गेलं तर दोन तास. हवा भरायला एका टायरला साडेतीन-चार मिनिटं, १.८ पर्यंत, म्हणजे चौघांना पंधरा. पंधरा अधिक साठ, हाच सगळ्यात जवळचा रस्ता होता. ड्रायव्हरने हे कुणाला समजावलं नाही. तो गेजकडे बघत राहिला. मला त्याचं ते गप्प राहणं तेव्हाही बरं वाटलं आणि आताही वाटतं.

त्या पंधरा मिनिटांत काकांनी दोन चिप्स खाल्ल्या.

सेस्रियमला फोन लागतो. विम्याच्या हेल्पलाइनवर आधी पॉलिसीचा नंबर, मग जन्मतारीख, मग 'त्यांना भरपूर पाणी पाजत राहा'. डॉक्टरशी बोलायचं आहे हे दोनदा सांगावं लागलं. डॉक्टरने मात्र गोळीचं नाव ऐकल्याबरोबर विमान मंजूर केलं. जवळच धावपट्टी आहे, लॉजवाल्यांची छोटी विमानं तिथे उतरतात. विमान येईपर्यंत काका दोनदा बाथरूमला गेले, दोन्ही वेळा पुष्कळ लघवी झाली. दुसऱ्यांदा परत येताना त्यांनी मला विचारलं की बिग डॅडीवरचे फोटो कुणाच्या फोनमध्ये आहेत. उत्तर ऐकून ते लक्षातही ठेवलं.

हॉस्पिटलमध्ये संध्याकाळी घेतलेल्या रक्तात सोडियम १३१ आलं. खालची हद्द १३५ ची. म्हणजे कमी, पण घाबरवणारं नाही. तिथल्या डॉक्टरांनी ती गोळी घरच्या डॉक्टरांना भेटेपर्यंत बंद केली, रात्रभर ठेवून घेतलं आणि कागदावर उन्हाचा त्रास लिहिला.

मेहुण्यांनी कंपनीकडे तक्रार केली: पाणी नाकारलं आणि गाडी विनाकारण थांबवली. कंपनीने माझ्याकडे लेखी खुलासा मागितला, त्यात ड्रायव्हरचाही. गाडीचं उत्तर सोपं होतं, दाबाचे आकडे आणि किलोमीटर लिहून दिले. पाण्याचं उत्तर पूर्ण करता आलं नाही. १३१ हा आकडा सात तासांनंतरचा आहे, चार क्यूब, चिप्स आणि दोन वेळच्या लघवीनंतरचा. साडेदहाला तो किती होता? १२४ असेल, तर आणखी एक लिटर पाणी काकांना महागात पडलं असतं. तो तेव्हाही १३१ च्या आसपासच असेल, तर मी उगाच एका थकलेल्या माणसाला खारट काढा पाजला. मेहुणे म्हणतात, ते सावलीने बरे झाले. तेही अशक्य नाही.

पहिल्या रात्रीच्या ब्रीफिंगमध्ये आम्ही सगळेच अजून 'दिवसाला चार-पाच लिटर' म्हणतो, कारण माहितीपत्रकात तसं छापलेलं आहे. मी त्यापुढे जोडते: तहानेप्रमाणे, दिवसभरात विभागून, आणि प्रत्येक लिटरमागे काहीतरी खारट. मीठ वर्ज्य आहे असं कुणी म्हणालं की त्यांनी निघण्याआधीच स्वतःच्या डॉक्टरांना विचारून यायचं. फॉर्ममध्ये गोळीचं नाव लिहायचा रकाना अजून आलेला नाही. तोवर विंडहोकला पहिल्याच संध्याकाळी प्रत्येकाच्या स्ट्रिपचा फोटो काढून घेते, मागची बाजू, जिथे बारीक अक्षरात सगळी नावं असतात.