उत्तर येतं, पण उशिरा

"चुकत नाहीये हो मी, फक्त पोचायला वेळ लागतोय." स्टॉपवॉच थांबलं आणि समोरच्या बाई म्हणाल्या.

मेंदू किती झटपट काम करतो ते पाहणारी ही चाचणी साधी. कागदावर वर नऊ चिन्हं, प्रत्येकाखाली १ ते ९ मधला एक अंक. खाली नुसती चिन्हं. ९० सेकंदांत जमतील तितके अंक सांगायचे. बाईंना असलेल्या मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारात, हात साथ देईलच असं नाही, म्हणून तोंडीच घेतात. बाईंची चूक एकही नव्हती. बरोबर उत्तरं मात्र गेल्या वेळेपेक्षा ५ ने कमी. संशोधनात ४ गुणांची घटही दखलपात्र धरतात.

त्यांचं ते वाक्य डोक्यातून जाईना. मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण झिजलं की संदेश रेंगाळतो. माहिती असते, वेग जातो.

तरी ५ म्हणजे लगेच मेंदूची झीज, असं नाही. थकवा, नैराश्य, अपुरी झोप, डोळ्याच्या नसेला येऊन गेलेली सूज, सगळं त्या आकड्यात मिसळतं. जीभ जड असेल तर तोंडी चाचणीही फसवते. उलट, तोच कागद पुन्हा दिला तर सरावाने गुण फुगतात. म्हणून पर्यायी नमुना हवा. (घाईत हेच विसरलं जातं.)

अपंगत्व मोजायची नेहमीची पट्टी, ईडीएसएस (० ते १०), ४ च्या पुढे बव्हंशी चालण्यावर बेतलेली. बाई चालत आल्या, चालत गेल्या. त्यांचे हे ५ गुण तिथे कुठे दिसणार?