रात्रीचे दोन, पण कुणाच्या घड्याळात?

2008 च्या उन्हाळ्यात मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी टेलिफोन एक्स्चेंजच्या बिलिंगला होतो. घरगुती ब्रॉडबँडचा आमचा सगळ्यात खपणारा प्लॅन 500 रुपयांचा. महिन्याला अडीच जीबी, वर प्रत्येक एमबीला 80 पैसे. पण रात्री दोन ते सकाळी आठ कितीही वापरा, मोजणी नाही. एसटीडीच्या काळात रात्री अकरानंतर दर पाववर यायचा, तेव्हा बूथबाहेर रांगा लागायच्या. हे त्याच वळणाचं. आम्ही बाहेरून बँडविड्थ, म्हणजे इंटरनेटची वाट, घ्यायचो तिचे पैसे क्षमतेवर, वापरावर नाही. संध्याकाळी ती तुंबायची आणि पहाटे रिकामी पडून असायची. त्यामुळे रात्रीची सवलत मला तेव्हाही पटत होती, आजही पटते.

मे महिन्यात एक निवृत्त एसटी कंडक्टर बिल घेऊन आले. नऊ हजारांच्या वर. पेन्शन किती असेल याचा अंदाज होताच. काका आवाज न चढवता म्हणाले, "साहेब, पोरगी सांगलीला इंजिनिअरिंगला आहे. एमटेकच्या प्रवेशाची गेट परीक्षा असते ना, तिच्या अभ्यासाचे व्हिडिओ उतरवते, ते रात्रीच. सकाळी आठला मी स्वतः मशीन बंद करतो."

व्हिडिओ एनपीटीईएल या मोफत ऑनलाइन शिक्षणाच्या उपक्रमातल्या, आयआयटीच्या प्राध्यापकांच्या व्याख्यानांचे होते. मी खात्याचा तपशील काढला. वापर जवळजवळ सगळा दुपारी अडीच ते रात्री साडेआठ! सलग सहा तास, रोज त्याच ठेक्यात. पहाटेच्या रकान्यात नावापुरताच. माणसाचा वापर असा कधी नसतो, मध्ये खंड पडतोच. हे काम यंत्राचं होतं. वेळापत्रक बरोबर सहा तासांचंच, फक्त सरकलेलं.

संध्याकाळी लाइनमनला घेऊन घरी गेलो. मॉनिटर चालू केला. बाहेर सात वाजत होते आणि पडद्याच्या कोपऱ्यात सकाळचे साडेसहा. तारीख 1 जानेवारी 2002.

"वेळ अशीच दिसते का काका?"

"लाइट गेली की बिघडते. पोरगी शनिवारी आली की नीट करते."

मग उलगडलं. लाइट नसताना संगणकाचं घड्याळ चालू ठेवणारा, मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला होता. आमच्याकडे तेव्हा सकाळी लोडशेडिंग असायचं, लाइट साडेबाराला यायची. काका मशीन सुरू करायचे, काळ्या पडद्यावर काहीतरी इंग्रजी यायचं आणि मुलीने शिकवल्याप्रमाणे ते एफ-1 दाबायचे. तिथून संगणकाचे बारा वाजायचे, रात्रीचे. दोन तासांनी, म्हणजे भर दुपारी अडीचला, त्याच्या लेखी रात्रीचे दोन. डाउनलोडचं सॉफ्टवेअर इमानदारीत कामाला लागायचं. एफ-1 दाबून झाल्यावर मॉनिटर बंद असल्यामुळे घरात कुणाला पत्ता नाही. मुलीने अख्ख्या कोर्सची यादी एकदाच लावलेली. शनिवारी फाइली उतरलेल्या दिसायच्या, म्हणजे सगळं ठीक.

सेल घड्याळाच्या दुकानात मिळाला. लाइनमनने बसवून दिला.

मी बिल कमी करण्यासाठी वरती लिहिलं. उत्तर आलं, वापर झालेला आहे, नियमात सूट नाही, हप्ते करून द्या. नियम बघितला तर साहेब चुकीचं बोलत नव्हते. मला डाचलं ते वेगळंच. काकांचे अडीच जीबी महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात संपले होते. आमच्या सर्व्हरला ते त्याच दिवशी ठाऊक होतं, आणि गिऱ्हाइकाला कळलं थेट बिलावर. विजेचं मीटर निदान दारात तरी असतं, उठून बघता येतं. इथे मीटर आमच्याकडे, घड्याळ आमचं, आणि भुर्दंड त्यांना. वेळेनुसार दर लावायचे तर चालू वापराचा आकडा रोज त्या माणसापर्यंत पोचवणं हे आमचं काम होतं. मर्यादा संपताच फोन करावा, असं मी त्याच पत्रात लिहिलं होतं. त्या मुद्द्याला उत्तरच आलं नाही.

काकांनी तीन हप्ते मान्य केले. पहिला भरायला आले तेव्हा पावती उलटी करून पुढे सरकवली. "चालू महिन्याचं किती झालंय, तेवढं मागं लिहून द्या." मी बघून लिहिलं, 310 एमबी. मग दर सोमवारी ते आकडा विचारायला यायचे. त्यांचं बघून बाजारपेठेतले दोघेतिघे दुकानदार येऊ लागले, तेव्हा मी काउंटरवर त्यासाठी वेगळी वहीच घातली.